बँडवाल्यांचा खोकला आणि वाद्याची सफाई

तुळशीची लग्ने लागली की बँडपथकांच्या खोल्यांपुढे ट्रम्पेट, युफोनियम मांडून घासायला सुरुवात होते. वाद्याच्या पॉलिशचा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण जी वस्तू माणूस तासन् तास ओठांशी धरतो आणि जिच्याशी त्याचा श्वास जोडलेला असतो, ती डॉक्टरच्याही विचाराची गोष्ट आहे.

चांदीचा मुलामा दिलेले पितळी वाद्य काळे पडते ते गंजल्यामुळे नव्हे. हवेतील गंधकाच्या वायूंशी चांदीचा संयोग होऊन तो काळा थर बसतो. प्रकृतीला त्याचा अपाय नाही. अपाय होतो तो काळेपणा घालवण्याच्या आपल्या घाईने. राख, रांगोळी, पितळेची भांडी घासायची पावडर यांनी वाद्य क्षणभर लखलखते खरे, पण त्या चकाकीबरोबर चांदीही निघून जाते. हा मुलामा आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो. चिंच-लिंबू पितळेला चालते म्हणून इथेही चोळतात. चांदीचा काळेपणा त्याने नीट जात नाही आणि मुलामा उडालेल्या जागी आंबट रस पितळ खातो. रोज वाजवून झाल्यावर जुन्या मऊ धोतराच्या कापडाने घाम पुसावा. चांदीसाठीचे सौम्य पॉलिश वर्षातून दोन-तीनदा, तेही हलक्या हाताने लावले तर पुरे. वाद्य रबरबँड, लोकर किंवा वर्तमानपत्रात (संपादकांनी क्षमा करावी!) गुंडाळून ठेवू नये, त्याने ते लवकर काळवंडते.

मुलामा सर्वांत आधी उडतो तो माउथपीसच्या कडेचा, म्हणजे नेमका ओठ टेकतो तिथला. आतले पितळ उघडे पडले की काहींच्या ओठांना खाज येते, चिरा पडतात. शिवाय लेथवर कातायला सोपे जावे म्हणून अशा पितळेत बहुधा थोडे शिसे मिसळलेले असते. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांना अधिक बाधते. म्हणून पिवळी कड दिसू लागलेला माउथपीस शिकाऊ पोराच्या हाती देऊ नये. त्यावर पुन्हा मुलामा द्यावा किंवा नवा घ्यावा. काही वाद्यांवर चांदीऐवजी निकेल असते. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी घेतानाच विचारून घ्यावे.

आता खरा मुद्दा. वाद्य बाहेरून आरशासारखे ठेवणारे वादक मी पुष्कळ पाहिले, पण ते आतून धुणारे फार थोडे. नळीत थुंकी आणि श्वासातील वाफेचे पाणी साचते, त्यात चहा-पानाचे कण मिसळतात आणि त्या ओलाव्यात बुरशी व जंतू पोसले जातात. वादक दम घेताना त्यांतले काही पुन्हा छातीत जाते. २०१० साली 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील एका ट्रॉम्बोनवादकाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याला तब्बल पंधरा वर्षे कोरडा खोकला आणि धाप होती. त्याच्या वाद्यात बुरशी आणि क्षयरोगाच्या जंतूंच्या जातकुळीतले, पण क्षयाचे नव्हेत असे जंतू सापडले. वाद्य स्पिरिटने नियमित साफ होऊ लागल्यावर त्याचा त्रास गेला. हा फुप्फुसांचा ॲलर्जीचा आजार. दुर्लक्ष झाले तर फुप्फुसे कायमची कडक होतात आणि मग सफाईचाही उपयोग राहत नाही.

दवाखान्यात बँडवाला खोकला घेऊन आला की मी विचारतो : चातुर्मासात, गणपतीचे दिवस सोडले तर, खोकला कमी होतो का? लग्नसराईत वाढतो का? वाजवल्यावर काही तासांनी कणकण येते का? उत्तरे 'होय' आली तरी आधी थुंकीची तपासणी करायचीच, कारण दोन आठवड्यांहून जुना खोकला आपल्याकडे क्षयाचा नाही याची खात्री करून घ्यावी लागते. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षय नाही असे ठरले तर छातीच्या डॉक्टरांना 'मी फुंकवाद्य वाजवतो' हे आपणहून सांगावे. ते सहसा विचारले जात नाही.

धुण्याची रीत सोपी आहे. वाजवण्यापूर्वी चूळ भरावी. पान-तंबाखू तोंडात ठेवून वाद्य धरूच नये. वाजवून झाल्यावर आतले पाणी काढून टाकावे. माउथपीस आठवड्याला साबणाच्या पाण्यात ब्रशने घासावा, दुसऱ्याला देण्याआधी स्पिरिटने पुसून वाळवावा. ओठावर तापाचे फोड उठलेल्याने तर आपला माउथपीस कोणाला देऊच नये. सराईत महिन्याला एकदा ट्रम्पेटचे पिस्टन व सरकत्या नळ्या काढाव्यात. पिस्टनवरच्या नमद्याच्या चकत्या भिजू देऊ नयेत. कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे चार थेंब टाकून लवचिक लांब ब्रश नळ्यांतून फिरवावा. पाणी उकळते नको. स्वच्छ पाणी सोडून पूर्ण वाळू द्यावे, मग तेल घालून ज्या त्या क्रमांकाचा पिस्टन ज्या त्या जागी बसवावा. पहिल्या धुण्याला जे काळे-हिरवे पाणी निघते ते पाहिल्यावर पुढच्या महिन्यात आठवण करावी लागत नाही.

पॉलिश मोकळ्या अंगणात, चुलीपासून दूर करावे, कारण बहुतेक पॉलिशात पेट घेणारे तेल असते. मुलाम्याच्या द्रावणात तर सायनाइड असते. ते काम कारागिराकडेच करून घ्यावे, उरलेले द्रावण बाटलीत भरून घरी आणू नये. पॉलिशही सोड्याच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नये. मुलाने ते प्यायलेच तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका; उलटीत तेल छातीत गेले की न्यूमोनिया होतो. बाटली सोबत घ्या आणि मूल तडक रुग्णालयात आणा.