एमआरआयला जाताना इम्प्लांटची फाइल सोबत घ्या

तळोदा किंवा अक्कलकुव्याकडच्या बाईला स्तनाच्या कर्करोगावर मोठे उपचार घ्यायचे झाले, तर बऱ्याचदा नंदुरबारहून सुरतेची नाहीतर मुंबईची गाडी धरावी लागते. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात काढलेला स्तन पुन्हा घडवताही येतो. त्यासाठी कधी पोटाचे किंवा पाठीचे मांस वापरतात, कधी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवतात. पुढे काही वर्षांनी डॉक्टर एमआरआय लिहून देतात आणि घरात धास्ती पसरते : अंगात हे असताना चुंबकात कसे जायचे?

सिलिकॉनला चुंबक ओढत नाही, त्यामुळे ही धास्ती नको. अडचण आहे ती चित्राची.

एमआरआय यंत्र हायड्रोजनचे संदेश टिपते आणि हायड्रोजन पाण्यात, चरबीत, सिलिकॉनमध्ये, तिन्हीकडे असतो. १.५ टेस्लाच्या यंत्रात पाण्यातला हायड्रोजन सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख कंपनांनी उत्तर देतो. चरबीतला त्याहून फक्त २२०च्या आसपास कमी, आणि सिलिकॉनमधला चरबीपेक्षाही शंभरेक कमी. सगळी मदार एवढ्याशा फरकावर. नेहमीच्या पद्धतीने चरबीचा संदेश दाबायला जावे, तर शेजारचे सिलिकॉनही अर्धवट दबते. म्हणून चरबीला कंपनांवरून न हेरता, रेडिओलहरींच्या धक्क्यातून ती किती लवकर सावरते यावरून हेरतात. पाणी मात्र कंपनांवरूनच दाबतात. मग पडद्यावर उरते ते फक्त सिलिकॉन, आणि ते कवचाबाहेर झिरपले असेल तर लगेच दिसते. ही युक्ती मला फार आवडते. पण यंत्र ती आपणहून करत नाही. तशी वेगळी चित्रमालिका टेक्निशियनला लावावी लागते.

तपासणीत पालथे झोपवतात, स्तन खास कॉइलच्या पोकळ्यांत सोडतात. हलले की चित्र पुसट होते. हृदयाच्या ठोक्यांची भुते तर कोणी हलले नाही तरी उमटतात. ती स्तनांवर येऊ नयेत म्हणून चित्र टिपण्याची दिशाच बदलतात. आतल्या आत फाटलेले कवच जेलमध्ये शेवयांसारखे तरंगताना दिसते. एवढेच पाहायचे असेल तर शिरेतून औषध टोचावे लागत नाही. कर्करोग शोधायचा असेल तर मात्र गॅडोलिनियम लागते.

खरा धोका वेगळाच आहे. इम्प्लांटआधी कातडी ताणायला बसवलेल्या तात्पुरत्या एक्सपांडरच्या तोंडाशी पुष्कळदा चुंबक असते. अशा बाईला एमआरआयमध्ये नेणे घातक ठरू शकते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सुचवले, की त्रास नसला तरी सिलिकॉन इम्प्लांटची पहिली तपासणी पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी करावी, सोनोग्राफीही चालेल. तेव्हा शस्त्रक्रियेची फाइल आणि इम्प्लांटचे कार्ड जपून ठेवा. तपासणीची वेळ ठरवतानाच, गाडी धरण्याआधी, आत काय बसवले आहे ते केंद्राला फोनवर सांगा.