गार नळीचं गुपित

मोटरसायकलच्या इंजिनाकडे कधी जवळून पाहिलंय? पाहायचं तर ते गार असताना, हं! नुकतंच बंद केलेलं इंजिन चांगलाच चटका देतं. वहीची पानं जराशी फाकवावीत, तशा धातूच्या पातळ पट्ट्या त्याच्यावर दिसतील. त्यांना म्हणतात फिन्स. बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो ना? पसरला की जास्त हवा लागते, म्हणून. फिन्सही इंजिनाची उष्णता अशीच पसरून देतात आणि वारा ती घेऊन जातो.

पण इंजिन झाकणाआड असेल, तर वारा आणायचा कुठून?

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीनं १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात एक स्पोर्ट्स कार मांडली. तीच पुढे ‘९११’ म्हणून जगभर गाजली. हिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे! सहा सिलिंडर, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, सगळे आडवे झोपलेले. १९९८ सालापर्यंत हे इंजिन निववायला पाणी नव्हतंच. इंजिनच एका पट्ट्यानं मोठा पंखा फिरवायचं आणि तो पंखा फिन्सवर वारा घालायचा. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरमध्येही झाकणाआड असाच पंखा असायचा.

पंख्याच्या जोडीला आणखी एक कामकरी होता : तेल. लहान मोटारीत साडेतीन-चार लिटर तेल पुरतं, या जुन्या ९११ला मात्र दहा लिटरच्या आसपास लागतं. हे तेल सगळे भाग बुळबुळीत ठेवतं आणि वाटेत त्यांची उष्णताही उचलून नेतं. ते ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलं, की इंजिन खूश. तेलाचं तापमान दाखवणारा काटा १२० च्या पुढे सरकला, की काळजी. तेल तापलं की पातळ होतं, आणि फार पातळ झालं तर धातूवर धातू घासायला लागतो.

समजा, काटा चढलाय. आता शोध कसा घ्यायचा?

पहिला प्रश्न : काटा खरं बोलतोय का? त्याच्याकडे जाणारी वायर सोलवटून गाडीच्या पत्र्याला टेकली, तरी तो थेट लाल पट्ट्यात जातो. म्हणून तापमान वेगळं मोजून बघायचं. साथीच्या दिवसांत कपाळासमोर धरायचे ना, तसाच, पण जास्त तापमान मोजणारा तापमापक त्यासाठी मिळतो.

दुसरा प्रश्न : तेल पुरेसं आहे का? यात एक गंमत आहे. बहुतेक गाड्यांचं तेल इंजिन बंद करून मोजतात. हिचं मात्र सपाट जागेवर, इंजिन गरम आणि चालू असताना! कारण तेलाची टाकी वेगळी असते. गाडी उभी राहिली, की टाकीतलं तेल हळूहळू इंजिनात झिरपतं आणि टाकीत कमी दिसतं.

आता खरी मजा. अनेक जुन्या ९११ गाड्यांत पुढच्या उजव्या चाकाजवळ, मडगार्डच्या आत, तेल निववणारा कूलर असतो. मागच्या इंजिनातून तेल पार पुढे जातं, निवतं आणि परत येतं. वाटेवर एक द्वारपाल बसलेला : थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असतं! तेल साधारण ८५ अंशांना पोचलं, की मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं. इंजिन थंड असताना दार बंद, म्हणजे तेल लवकर गरम होतं.

मग हुशार मेकॅनिक काय करतो? पुढे जाणारी आणि परत येणारी, दोन्ही नळ्यांचं तापमान मोजतो.

काटा वर, पण दोन्ही नळ्या गार? म्हणजे तेल पुढे पोचतच नाही! दार अडकलंय, नाहीतर जॅक चुकीच्या जागी लावल्यानं नळी चेपलीय.

दोन्ही नळ्या सारख्याच गरम? तेल पोचतंय, पण निवत नाही. कूलर धूळ-किड्यांनी माखलाय, नाहीतर त्याला वाराच लागत नाही.

जाताना गरम, येताना बरीच निवलेली? कूलर शाबूत! मग मागे वळायचं. पंख्याचा पट्टा सैल झालाय का? फिन्समध्ये पाला अडकलाय की उंदरानं घरटं केलंय? की इंधन पेटवणारी ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय?

पाहिलंत ना? एकही नट न उघडता निम्मा शोध लागला. आणि तापलेल्या इंजिनाचा दोष दाखवून दिला तो कधीकधी एका गार नळीनं!

करून पाहा : एका चमच्यात फ्रीजमधलं गोडं तेल घ्या, दुसऱ्यात उन्हात तासभर ठेवलेलं. तिरप्या ताटात दोन्हींचा एकेक थेंब एकाच वेळी सोडा. खाली आधी कोण पोचतं? आता सांगा, तापलेलं इंजिन पाहून मेकॅनिकला घाई का होते?