मरणाचं भय आणि पत्रादेवीची सीमा

मागच्या व्याख्यानात आपण एपिक्युरसपाशी थांबलो होतो. आपण आहोत तोवर मृत्यू नाही, आणि मृत्यू आला की आपण नाही; मग भ्यायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो पाठ करून आपण मोर्च्यात गेलो आणि समोर बंदुका दिसल्या, तर पाय लटपटायचे थांबतील का? नाही थांबणार. कारण तिथं आपल्याला मेल्यानंतरच्या अवस्थेचं भय नसतं. भय असतं ते मरतानाच्या वेदनेचं, घरी मागं राहणाऱ्यांचं, आणि हे सगळं फुकट जाईल की काय याचं. वेदनेबद्दल एपिक्युरस सांगतो की तीव्र वेदना फार काळ टिकत नाही. ज्यानं लाठी खाल्ली आहे त्यालाच विचारावं!

आता १५ ऑगस्ट १९५५ चा दिवस घेऊ. त्या दिवशी हजारो निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीत शिरले. गोळीबारात वीसहून अधिक माणसं गेली. पत्रादेवीला मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय गोळी लागून जखमी झाल्या, आणि पंजाबचे कर्नैलसिंग पुढे झाले ते तिथंच मारले गेले.

ही माणसं निर्भय होती असं आपण पटकन म्हणून टाकतो. आम्हाला ते पटत नाही. ॲरिस्टॉटलच्या मते ज्याला कशाचंच भय वाटत नाही तो शूर नव्हे, वेडाच. नागरिकांच्या शौर्याबद्दल तो आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो : ते बरंचसं लाजेतून येतं. शेजारचा चालतोय, मग आपण मागं कसं फिरायचं? म्हणजे भय जात नाही, त्याच्या शेजारी दुसरं, त्याहून मोठं भय येऊन उभं राहतं. ॲरिस्टॉटल याला खऱ्या शौर्याच्या एक पायरी खाली ठेवतो. आम्ही ठेवणार नाही. सोबत्याची लाज वाटणं म्हणजे त्याचं आपल्यावर काही देणं आहे हे ओळखणंच नाही का?

पण इथं एक धोका आहे, आणि तो झाकून चालणार नाही. लाज हे दुसऱ्याला मरणाकडे ढकलायचं साधनही होतं. व्यासपीठावरून 'मागं फिराल तर भ्याड ठराल' म्हणणारा स्वतः कुठं उभा असतो, हे आपण पाहिलं पाहिजे. त्याच वर्षी १८ मेला पहिली तुकडी निघाली तेव्हा तिच्यात नानासाहेब गोरे होते आणि सेनापती बापटही होते. बापटांचं वय तेव्हा ७४. त्यांनी दुसऱ्यांना हाक दिली तर ती ऐकावीशी वाटते.

पुढे भारत सरकारनं असे सत्याग्रह थांबवले, आणि गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, सैन्याच्या कारवाईनं. मग पत्रादेवीचं मरण फुकट गेलं का? हा प्रश्न आज आपण खुर्चीत बसून विचारतो. सीमेवर चालणाऱ्याला तो विचारता येत होता, उत्तर मात्र कोणाकडेच नव्हतं, आणि तरी तो चालत होता.