प्रार्थनेआधी भाकर आणि पाणी

बायबलमधला एलीया म्हणजे थेट राजाला सुनावणारा माणूस. पण एक दिवस तो इतका थकतो, की रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. मग देवदूत येतो. तो प्रवचन देत नाही, ‘तुझा विश्वास कमी पडला’ असंही म्हणत नाही. त्याला उठवतो, भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, पितो, परत झोपतो. देवदूत परत येतो, परत खायला देतो. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी.

ही गोष्ट शहापूर-मुरबाडमध्ये बसून वाचली, की फार जवळची वाटते. आसनगावहून लोकल, मुरबाडहून एसटी पकडून कॉलेज गाठणारी पोरं-पोरी. एटीकेटी, फी, ब्रेकअप, घरचं कर्ज... कुणाशी बोलणार? मानसोपचार म्हटलं की कल्याण नाहीतर ठाणंच आठवतं. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची सरकारदरबारी नोंद झाली. इथल्या मोजक्या ख्रिस्ती घरांतल्या मुलांना सगळ्यात जवळचा कान म्हणजे फादर, पास्टर किंवा यूथ ग्रुपमधली एखादी ताई. पण त्यांच्याकडे मन मोकळं करावंसं वाटतं का?

बऱ्याचदा नाही, आणि त्याला इतिहास आहे. ‘खून करू नको’ ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लागू होते, असं संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात मांडलं. १९१७च्या कॅथलिक धर्मकायद्यात तर जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला होता. १९८३च्या नव्या कायद्यातून ती तरतूद गेली. १९९२चा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो, की तीव्र मानसिक त्रासामुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. देशाचा कायदाही बदललाय. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरून चालायचं आणि तिला उपचार मिळवून द्यायचे.

नियम बदलले, कुजबुज तशीच राहिली. ‘सैतानाचं काम’, ‘नरकातच जाणार’. अंत्यविधीला कोण काय बोलतं, हे मागच्या बाकावरची एखादी मुलगी कान देऊन ऐकत असते. तिच्या मनात तेच विचार घोळत असतील, तर तिला एवढंच कळतं, की इथे तोंड उघडायचं नाही. खरंतर बायबल स्वतः इतकं कठोर नाही. शौल राजा रणांगणावर स्वतःच्याच हाताने मेला. तरी याबेशचे लोक रात्रभर चालून गेले, त्याचा देह घेऊन आले, अस्थी पुरल्या आणि सात दिवस उपास केला. कुणी त्याच्या पापाचा हिशेब मांडल्याचं तिथे लिहिलेलं नाही.

१९३५मध्ये इंग्लंडमधल्या चॅड वारा या तरुण पाद्र्याने एका १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला. तिला पाळी आली होती आणि तो काहीतरी भयंकर रोग आहे असं तिला वाटलं होतं. विचारायला कुणी नव्हतं. १९५३मध्ये याच पाद्र्याने लंडनच्या एका चर्चमध्ये फोन ठेवला, त्यातून ‘समॅरिटन्स’ उभी राहिली. मजा बघा, त्याला भेटायला आलेले लोक बाहेर थांबायचे, तिथले स्वयंसेवक त्यांना चहा द्यायचे, गप्पा मारायचे. बरेच जण तेवढ्यानेच हलके होऊन, पाद्र्याला न भेटताच परत जायचे!

हा चहा शहापूरलाही परवडतो. मात्र एक सवय सोडावी लागेल. कुणी विश्वासाने काही सांगितलं, की ‘प्रेयर रिक्वेस्ट’ म्हणून ते सगळ्यांसमोर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं. हेतू चांगला असेलही, पण गाव छोटं असतं. सांगणारा पुन्हा कधी सांगत नाही.

मित्राबद्दल शंका आली तर सरळ विचारा, ‘जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का?’ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट समोरच्याला सुटल्यासारखं होतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका. घरात शेतीचं औषध असेल तर ते कुलपात जाऊ दे. हे गुपित मात्र एकट्याने सांभाळायचं नाही. घरातल्या किंवा चर्चमधल्या भरवशाच्या एका मोठ्या माणसाला सांगा. प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरकडेही सोबत जा, गोळ्या बंद करायला लावू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर २४ तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो चर्चच्या नोटीस बोर्डावर लावायला कुणाच्या परवानगीची वाट कशाला बघायची?

दर २ नोव्हेंबरला कॅथलिक चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना होते, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लागतात. यूथ ग्रुपने या वर्षी फादरना विचारावं, की असं गेलेल्यांसाठीही मोठ्याने प्रार्थना करता येईल का. आणि त्यांच्या आई-वडिलांना आदल्या दिवशी घरी जाऊन बोलावून यावं.