कान्हेरीचा डोंगर, फाल्गुनातला पळस आणि आपल्या गोळ्या

शुगर किंवा बीपी असलेल्या बाईला "रोज चाला" म्हटलं की वस्तीत उत्तर ठरलेलं असतं. "ताई, दिवसभर चालतेच की मी! नळावर, चार घरच्या कामाला, रेशनच्या दुकानात." खोटं नाही ते. हे कष्ट आहेत आणि ते मोजलेच पाहिजेत. पण दहा पावलं चालायचं, थांबायचं, ओझं उचलायचं, पुन्हा थांबायचं, यात सलग अर्धा तास दम भरेल असं चालणं होत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला टेकायचं, तिथे ही मिनिटं कुठे काढायची?

मुंबईत राहणाऱ्यांसाठी माझं उत्तर कान्हेरी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य फाटकापासून लेण्यांपर्यंत साधारण सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. दोन्ही बाजूंना जंगल, चढ बहुतेक हलका, शेवटी थोडा दमवणारा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हा रस्ता चालायचा हट्ट धरू नये. वरपर्यंत गाडीने जा आणि लेण्यांचा डोंगर चढा. तेवढा पुरे. सोमवारी उद्यान बंद असतं.

जायचं ते माघ-फाल्गुनात. पानं झडलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर पळस पेटलेला असतो. काटेसावरीची जाड लाल फुलं खाली पडून वाटेवर सडा झालेला असतो, पांगाराही याच दिवसांत फुलतो. पक्षी फुलांतल्या मधासाठी भांडत असतात, ते पाहत पाच मिनिटं बसलं की दम आपोआप खाली येतो. चैत्र-वैशाखात बहावा पिवळा होतो, पण तोवर ऊन फार झालेलं असतं. (जमिनीवरची रानफुलं बघायची तर पावसाळ्यानंतर, तेरडा वगैरे. कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते.) फुलं तोडू नका, पडलेली उचलून बघा.

लेणी शंभराहून अधिक आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना तथागतांच्या उंच उभ्या मूर्ती आहेत, आत स्तूप. पण आरोग्याच्या पानावर मी दाखवीन ती पाण्याची टाकी, म्हणजे पोढी. जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारी खडकात पोढी कोरलेली आहे, पावसाचं पाणी पन्हळीतून तिच्यात येईल अशी सोय केलेली. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूसंघाने डोंगरावर दाराशी पाणी आणलं, आणि आपण अजून नळाच्या रांगेत! ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, व्यापारी, कारागीर, भिक्खुणी आणि उपासिकासुद्धा. राजांनीच सगळं बांधलं असं नाही. कोरीव पायऱ्यांनी माथ्यावर गेलात की एका बाजूला नुसतं जंगल आणि दुसरीकडे उपनगरातल्या इमारतींची रांग दिसते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. बऱ्याच उपासिका पौर्णिमेला लेण्यांवर जातात, उपोसथ धरतात. फाल्गुन पौर्णिमेला आमच्या गटातल्या एक मावशी सकाळची शुगरची गोळी घेऊन, काही न खाता निघाल्या. "आज उपोसथ आहे ना." अर्ध्या चढावर त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणं असंबद्ध झालं. सोबतच्या बायकांना वाटलं ऊन लागलं. ती शुगर उतरली होती. ग्लायमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी चढलं की हे होऊ शकतं. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, मग पोळी-भाजी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. मावशींच्या पिशवीत लिमलेटच्या गोळ्या होत्या, त्या वेळेवर हाताला लागल्या.

अष्टशीलात दुपारनंतर जेवण नाही, सकाळी खायला कुणी अडवलेलं नाही. शुगर असलेल्यांनी उपोसथ आणि चढण एकाच दिवशी ठेवायची तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळीचं प्रमाण आणि वेळ तेच ठरवतील. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, बीपीची तर नाहीच.

दुसरी गोष्ट छातीची. चढताना छातीत दाबल्यासारखं होतं, जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत कळ जाते आणि बसलं की थांबते. बायका याला गॅस म्हणून सोडून देतात. अशी कळ आली की तिथेच बसा, वर जाऊ नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. थांबूनही कळ जात नसेल तर १०८. साध्या चढालाही फार धाप लागत असेल तर रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींतली एक.

पाणी भरपूर न्या आणि प्या. संडासाची सोय नसेल म्हणून पाणी न पिण्याची वस्तीतली सवय डोंगरावर चालत नाही. फाटकाशी जाऊन घ्या आणि निघा. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेली बाटली सोबत असू द्या. वेग कसा ठेवायचा? शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत नसेल तरी चालेल.

चपला नकोत, मागे पट्टा असलेली सँडल किंवा वापरलेले बूट घाला. नवे बूट त्या दिवशी काढू नका. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो, म्हणून उंच पायऱ्यांवर आडवं होऊन, एकमेकींचा हात धरून उतरा. खाण्याच्या पिशव्या उघड्या ठेवू नका, माकडं ओढून नेतात. हे बिबट्यांचं जंगल आहे, तेव्हा गटाने जा आणि उजेड असतानाच फाटकाबाहेर या. घरी आलं की पाय धुऊन तळवे आरशात बघा. शुगरमुळे पाय बधिर असतात, काटा रुतला तरी कळत नाही. फोड किंवा जखम दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रात दाखवा, हळद भरून बसू नका.