सहीच्या जागी फुली

राहुरीच्या कोर्टात मी वकिली करते आणि त्यातलं निम्मं काम हक्कसोडीचं. मुळेच्या कालव्याखालची जमीन, वडील नुकतेच गेलेले. भाऊ गाडीतून बहिणीला घेऊन येतो. पिशवीत सातबारा, आधारकार्ड, दोन फोटो. बहीण कागदाकडे बघतही नाही, थेट विचारते, "कुठं करू सही?" हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत तिला भावाइतकाच हक्क दिलाय, हे तिला ठाऊक असतं. नसतं असं नाही.

म्हणूनच सुजाता मॅसींची 'द विडोज ऑफ मलबार हिल' ही कादंबरी वाचताना मी एका कागदापाशी अडकले. मुंबई, साल १९२१. ऑक्सफर्डला कायदा शिकलेली परवीन मिस्त्री वडिलांच्या फर्ममध्ये सॉलिसिटर आहे. एक मुसलमान गिरणीमालक वारलाय आणि त्याच्या तिन्ही बेगमांनी आपला सगळा वारसा दानधर्माला लिहून दिलाय. एकीच्या सहीच्या जागी नुसती फुली. मग या खाणार काय? आणि वाचता न येणाऱ्या बाईला यातला मजकूर कोणी सांगितला? बेगमा पडद्यातल्या, परपुरुषासमोर यायच्या नाहीत. परवीनचे वडील मोठे वकील, पण त्यांनाही उंबऱ्याबाहेरच थांबावं लागणार. आत जाते ती परवीन. पुढे खूनबिन होतो, पण मला खरं रहस्य त्या फुलीतच दिसलं.

इंग्रजी कादंबऱ्यांत अशा रहस्यं उकलणाऱ्या बायकांचं आता चांगलं पीक आलंय. दोन महायुद्धांच्या मधलं इंग्लंड हे त्यांचं आवडतं शिवार. जॅकलिन विन्स्पिअर यांची मेसी डॉब्ज २००३ साली पुस्तकात आली. आधी मोलकरीण, मग फ्रान्समध्ये युद्धातल्या जखमींची नर्स, आणि १९२९ साली लंडनमध्ये स्वतःची पाटी लावून बसलेली डिटेक्टिव्ह. तो काळच तसा होता. युद्धानं तरुण पोरं खाल्ली. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा बायका १७ लाखांहून जास्त भरल्या. लग्नाची वाट बघण्यात अर्थ नव्हता, कमवायलाच लागणार होतं. वकिलीचं दारही तिथल्या बायकांना १९१९ च्या कायद्यानं उघडलं होतं.

मेसीच्या पहिल्या कामात एका नवऱ्याला बायकोचा संशय असतो. मेसी पाठलाग करते, तर बाई जाते दफनभूमीत. पण माहिती हातात देण्याआधी मेसी त्याला विचारते, की कळल्यावर करणार काय? आमच्या घटस्फोटाच्या फायलींत हे विचारायला कुणाला वेळ असतो! तरी मेसी मला जरा जास्तच साध्वी वाटते. परवीन जवळची, कारण तिचं स्वतःचं लग्न फसलेलं आहे आणि ते ती पदराआड घेऊन फिरते.

परवीन काल्पनिक असली, तरी मॅसींना ती सुचली खऱ्या बायकांवरून. त्यातल्या एक कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. सनद मिळायला पुढची तीसेक वर्षं गेली, कारण बाई. पण १९०४ पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्स या सरकारी खात्याच्या वतीनं बंगालकडच्या पडदानशीन राण्यांची, विधवांची कामं त्यांनी पाहिली. सनद असलेल्या पुरुषांना त्या जनानखान्यात शिरता येत नव्हतं! आपल्याकडे वकिलीत बायकांना मोकळीक देणारा कायदा झाला १९२३ साली.

परवीन वाचल्यापासून मी एक करते. दस्त वाचून दाखवण्याआधी भावाला चहाला पाठवते. कुरकुरत जातो. मागच्या महिन्यात साठीच्या एक मावशी होत्या. दार लोटलं, त्यांचा हिस्सा किती येतो ते गुंठ्यांत सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "ते राहू दे बाई. सही नाही केली तर दिवाळीला मला न्यायला येईल का तो, एवढं विचारून दे."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. चहा पिऊन झाला होता.