तीनपैकी दोन चुकले तर?

व्ही-२२ ऑस्प्रे हे हेलिकॉप्टरसारखं सरळ वर चढणारं विमान. ११ जून १९९१ ला अमेरिकेत विल्मिंग्टन इथे त्याचा पाचवा प्रायोगिक नमुना पहिल्याच उड्डाणात कोसळला. आतले दोघे वाचले. झालं काय? विमान किती वेगाने कलतंय हे सांगणारे तीन जायरो होते; त्यातल्या दोघांच्या वायरी उलट जोडलेल्या. संगणक बहुमत मानतो, त्यामुळे खरं सांगणारा एकटा पडला. वैमानिकाने जमिनीवर दांडा हलवून पाहिला तरी हा दोष कळत नाही, कारण विमान कलल्याशिवाय जायरो बोलतच नाही. म्हणजे तीन उपकरणं असली की तिप्पट सुरक्षा, असं नव्हे. जोडणीच अशी हवी, की ती उलटी बसूच नये.